अबोल यकृताचा शोध : रेने लेनेक

डॉक्टरांच्या गळ्यातील स्टेथोस्कोप सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे जनक रेने लेनेक यांनीच यकृताच्या ‘सिरॉसिस’ या रोगाला नाव दिले, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात कँपेर येथे झाला. बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. नान्त शहरात वैद्यकी करणाऱ्या काकांनी त्यांचा सांभाळ केला. काकांच्या सहवासात त्यांना वैद्यकाची गोडी लागली. १८०१ साली ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले. छातीवर बोटांनी ठोकून आतील दोष ओळखण्याची विद्या त्यांनी तेथे आत्मसात केली.

१८१६ साली ते नेकर रुग्णालयात काम करू लागले. हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी तपासणीसाठी आली. तिच्या स्थूल देहामुळे ठोकून काही कळेना. छातीला कान लावणे संकोचाचे होते. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले, तर दुसऱ्या टोकाशी तो आवाज स्पष्ट ऐकू येतो, हे लेनेक यांना आठवले. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी करून छातीवर टेकवली. हृदयाचे ठोके स्वच्छ ऐकू आले! पुढे त्यांनी लाकडी नळी बनवली. रुग्णाच्या हयातीत ऐकलेल्या आवाजांचा पडताळा ते मृत्यूनंतर शवविच्छेदनाने घेत.

१८१९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी आकसलेल्या, पिवळसर तपकिरी कणांनी भरलेल्या यकृताचे वर्णन केले आणि त्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून रोगाला ‘सिरॉसिस’ हे नाव दिले. परंतु हे यकृत दिसले ते शवविच्छेदनात. हृदय धडधडते, फुप्फुसांत श्वास घुमतो. यकृत मात्र अबोल असते. तेथे त्यांची नळी असमर्थ ठरली.

छातीच्या रोगांचा हा अभ्यासक अखेर क्षयानेच ग्रासला गेला. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांची उणीव विसाव्या शतकात सोनोग्राफीने भरून काढली. मानवी कानाला ऐकू न येणारे ध्वनितरंग शरीरात सोडले जातात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून पडद्यावर चित्र उमटते. खडबडीत झालेले यकृत, वाढलेली प्लीहा, पोटात साचलेले पाणी हे सारे त्यात दिसू शकते. यकृत किती कठीण झाले आहे, हेही आता ध्वनितरंगांच्या साहाय्याने मोजता येते. कठीण यकृतातून कंपनाची लहर अधिक वेगाने जाते. सिरॉसिसच्या रुग्णांमध्ये कर्करोगाची गाठ वेळीच सापडावी, म्हणून साधारणतः दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करण्याचा सल्ला दिला जातो.

मद्यपान, हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’ किंवा यकृतात साठलेली चरबी यांमुळे होणारी हानी प्रारंभीच लक्षात आली, तर तिला आवर घालता येतो. लेनेक यांना जे मृत्यूनंतर दिसले, ते आज रुग्णाच्या हयातीतच, उपचारांना वेळ असताना दिसू शकते.