मिलिमीटर लहरींचे आद्य संशोधक जगदीशचंद्र बोस

अतिउच्च कंप्रतेचे विद्युत संकेत प्रकाशात उतरविणाऱ्या सूक्ष्म चिप आज जगातील अनेक प्रयोगशाळांत तयार होत आहेत. लिथियम नायोबेट या स्फटिकाच्या पातळ थरावर संकेताचे विद्युतक्षेत्र पडले, की त्याचा अपवर्तनांक किंचित बदलतो आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशावर संकेताचा ठसा उमटतो. 60 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या ज्या मिलिमीटर लहरी या चिपमध्ये प्रकाशाला भेटतात, त्या प्रथम निर्माण झाल्या एकोणिसाव्या शतकातील कोलकात्यात, आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या हातून.

बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी असूनही त्यांनी मुलाला प्रथम बंगाली शाळेत घातले. वैद्यकाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या जगदीशचंद्रांना आजारपणामुळे तो मार्ग सोडावा लागला. केंब्रिजमध्ये त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. लॉर्ड रॅले हे तेथील त्यांचे गुरू.

1885 मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले. भारतीय म्हणून त्यांना इंग्रज प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ करण्यात आले. त्यांनी ते नाकारले; अध्यापन मात्र थांबविले नाही. घरावर वडिलांच्या कर्जाचा बोजा असताना तीन वर्षे ते बिनपगारी शिकवीत राहिले. अखेर सरकारला पूर्ण वेतन मागील थकबाकीसह द्यावे लागले.

संशोधनासाठी वेगळी प्रयोगशाळा नव्हती. कॉलेजातील एका चिंचोळ्या खोलीत, स्थानिक पत्रे कारागिराच्या मदतीने त्यांनी 1894 च्या सुमारास उपकरणे घडविली. हर्ट्झ यांच्या लहरी लांब असल्याने त्यांचे प्रकाशासारखे गुण तपासण्यास अवाढव्य लोलक व आरसे लागत. बोस यांनी लहरच आखूड केली. तरंगलांबी पाच मिलिमीटरपर्यंत आणल्यावर सारी सामग्री एका टेबलावर मावू लागली. लहरींना वाट देणाऱ्या पोकळ नळ्या आणि त्या गोळा करणारे नरसाळे यांचीही योजना त्यांनी केली. या लहरी प्रकाशाप्रमाणेच परावर्तित होतात, वळतात आणि ध्रुवीभूत होतात, हे त्यांनी दाखवून दिले. ध्रुवीकरणाच्या प्रयोगात तर रेल्वे वेळापत्रकाच्या जाडजूड पुस्तकाच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घालून त्यांनी काम भागविले. पिळलेल्या तागाच्या जुड्यांचाही उपयोग केला. कोलकात्याच्या टाऊन हॉलमधील जाहीर प्रात्यक्षिकात भिंतीआड पोहोचलेल्या लहरींनी घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

त्यांचा गॅलेना स्फटिकाचा संवेदक विशेष उल्लेखनीय आहे. हे शिशाचे खनिज विद्युत लहरींना जसा प्रतिसाद देई, तसाच दृश्य प्रकाशालाही देई. बोस यांनी त्याला 'तेजोमीटर' असे भारतीय वळणाचे नाव दिले. विद्युत लहर आणि प्रकाश यांचे मॅक्सवेल यांनी गणिताने सांगितलेले नाते असे एकाच स्फटिकात प्रत्यक्षास आले. या उपकरणाने संकेत प्रकाशात रूपांतरित होत नसे, दोन्ही केवळ ओळखले जात; तरीही अर्धवाहक स्फटिकाचा हा उपयोग काळाच्या फार पुढचा होता.

शोधावर मालकी सांगणे बोस यांना मान्य नव्हते. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळेच या संवेदकासाठी अमेरिकेत 1901 मध्ये अर्ज झाला आणि 1904 मध्ये पेटंट मिळाले. त्यातून धन मिळविण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. तोवर ते वनस्पतींच्या संवेदनांच्या अभ्यासाकडे वळले होते. त्यामुळे लहरींचे काम मागे पडले, ही भौतिकशास्त्राची हानीच म्हणावी लागेल.

1917 मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूटची स्थापना केली. 1920 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने 2012 मध्ये त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना अभियांत्रिकीतील मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली.