हेलन केलर

महाड-पोलादपूरच्या मुलांना सावित्री नदी ओळखीची आहे. तिचे पाणी आपण पाहतो, त्याचा आवाज ऐकतो. पण ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याला ‘पाणी’ हा शब्द कसा समजेल?

हेलन केलर यांचा जन्म १८८० साली अमेरिकेत झाला. त्या एकोणीस महिन्यांच्या असताना मोठा आजार झाला. दृष्टी गेली, ऐकू येईनासे झाले, त्यामुळे बोलणेही थांबले. मनातले सांगता येईना, म्हणून लहानगी हेलन रागावून वस्तू फेकत असे.

१८८७ साली ॲन सलिव्हन या शिक्षिका घरी आल्या. त्या हेलनच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी अक्षरे काढत. हेलन नक्कल करी, पण अर्थ कळत नसे. एके दिवशी बाईंनी तिचा एक हात पंपाच्या धारेखाली धरला व दुसऱ्या हातावर पाण्याचे नाव लिहिले. हेलनला एकदम उमगले, की प्रत्येक वस्तूला नाव असते!

पुढे हेलन ब्रेल लिपी वाचायला व टंकलेखन यंत्रावर लिहायला शिकल्या. बोलायलाही शिकल्या, पण ते बोलणे अनोळखी माणसांना नीट समजत नसे. तरीही १९०४ साली त्या पदवीधर झाल्या. त्यांनी पुस्तके लिहिली, अपंगांसाठी देशोदेशी प्रवास केला. १९५५ साली त्या भारतातही आल्या. १९६८ साली त्यांचे निधन झाले.

आज ज्यांना बोलता येत नाही आणि हातही हलवता येत नाहीत, अशी काही माणसे नजरेने संगणक चालवून आपले म्हणणे सांगतात. जो बोलत नाही, त्याला काही सांगायचेच नाही, असे समजू नये. त्याच्या खुणा समजून घ्यायला आपण शिकले पाहिजे.