न दिसणारी झीज कशी पकडायची? रेल्वेच्या एक्सलचं आयुष्य मोजणारे ऑगस्ट वोलर

मोटार तपासणीत पास झाली म्हणजे तिचा प्रत्येक भाग धडधाकट आहे, असं आपण धरून चालतो. पण पास झालेल्या गाडीची सस्पेन्शन स्प्रिंगसुद्धा एखाद्या खड्ड्यात आदळताच तुटू शकते. वरून चांगला दिसणारा धातू आतून कसा संपत जातो, हे जर्मन रेल्वे इंजिनिअर ऑगस्ट वोलर यांनी दहा वर्षांहून अधिक काळ प्रयोग करून दाखवलं. त्यांच्यासमोर मोटार नव्हती. होता तो रेल्वेचा एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा.

रेल्वेचे एक्सल अचानक का तुटत होते?

वोलर यांचा जन्म २२ जून १८१९ रोजी हॅनोव्हर राज्यातल्या सोल्टाउ या गावी झाला. हॅनोव्हरच्या तंत्रशाळेत शिकून १८४० मध्ये ते बर्लिनच्या बोर्सिग इंजिन कारखान्यात दाखल झाले. युरोपात रेल्वे वेगाने पसरत होती आणि अपघातही वाढत होते.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा एक्सल मदों इथे तुटला. डबे एकमेकांवर चढले आणि आग लागली. डब्यांचे दरवाजे बाहेरून कुलूपबंद होते. ५० हून अधिक प्रवासी मरण पावले. दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमांमुळे गाजलेले दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल पत्नी आणि मुलासह त्यात गेले.

असे एक्सल तुटण्याआधी वाकत नसत, ताणले जात नसत, कसलीही सूचना देत नसत. तुटलेला भाग दाणेदार दिसे. त्यामुळे सततच्या हादऱ्यांनी लोखंडाची जात बदलते आणि ते ठिसूळ होतं, असा समज पसरला होता. स्कॉटलंडचे विल्यम रँकिन यांनी १८४३ मध्ये वेगळं कारण मांडलं. एक्सलची जाडी जिथे एकदम बदलते, त्या कोपऱ्यात बारीक तडा सुरू होतो आणि तो हळूहळू आत सरकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पण किती भाराला, किती फेऱ्यांनंतर, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

वोलर यांनी आधी काय मोजलं?

१८४३ मध्ये वोलर बेल्जियमला जाऊन इंजिन चालवायला शिकले. १८४७ मध्ये बर्लिन ते ब्रेस्लाउ (आजच्या पोलंडमधलं व्रोत्सवाफ) या मार्गावरच्या रेल्वेत इंजिन आणि डब्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ओडर नदीकाठच्या फ्रँकफर्टमधला कारखाना त्यांच्या हाताखाली होता. तुटलेले एक्सल त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग होते.

त्यांनी पहिलं काम केलं ते मोजण्याचं. एक्सल खऱ्या प्रवासात किती वाकतो, हे तोवर अंदाजानेच ठरवलं जाई. वोलर यांनी धावत्या डब्याच्या एक्सलला एक साधं उपकरण जोडलं. त्यातली टोकदार सुई जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा काढी. ओरखड्याच्या लांबीवरून प्रवासातला सगळ्यात मोठा बाक कळे. ही मोजमापं त्यांनी १८५८ आणि १८६० मध्ये प्रसिद्ध केली.

एक्सल नेमका थकतो कसा?

डब्याचा भार एक्सलच्या दोन्ही टोकांवर येतो, त्यामुळे तो किंचित वाकलेला असतो. एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. पण एक्सल फिरत असतो. जी बाजू आत्ता वर आहे, ती अर्ध्या फेरीनंतर खाली जाते. म्हणजे धातूचा तोच भाग प्रत्येक फेरीत एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. चाकाचा व्यास एक मीटर धरला, तर एका किलोमीटरमध्ये सुमारे ३२० फेऱ्या होतात. १०० किलोमीटरच्या प्रवासात ३२ हजार.

लोखंडी तार हाताने ओढून तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते. एक्सलचं तेच होतं, फक्त फार सावकाश. याला आज मेटल फटीग, म्हणजे धातूचा थकवा म्हणतात.

वोलर यांनी हीच क्रिया कारखान्यात आणली. भाराने वाकलेला दांडा फिरवत ठेवणारं यंत्र त्यांनी तयार केलं. भार ठरवायचा, यंत्र सुरू करायचं आणि दांडा तुटेपर्यंत फेऱ्या मोजायच्या. मग थोडा कमी भार लावून नवा दांडा. नुसतं वाकवणं, पीळ देणं आणि ओढणं यासाठी वेगवेगळी यंत्रं होती. काही नमुन्यांनी कोट्यवधी फेऱ्या झेलल्या.

प्रयोगांतून काय निघालं?

१८७० पर्यंत हाती आलेल्या निष्कर्षांनी यंत्रांची रचना बदलली. पहिला निष्कर्ष असा, की धातू एका झटक्यात जितका भार पेलतो, त्याहून कितीतरी कमी भाराने तो तुटू शकतो. फक्त तो भार पुरेशा वेळा यायला हवा.

दुसरा, ताण सर्वाधिक किती हे महत्त्वाचं आहेच, पण तो कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांच्यात किती हेलकावे खातो, हे त्याहून महत्त्वाचं आहे. तिसरा, लोखंड आणि पोलादासाठी ताणाची एक मर्यादा आढळली. तिच्या खाली दांडा तुटतच नव्हता. चौथा, जाडी एकदम बदलणारा तीक्ष्ण कोपरा दांड्याला कमजोर करतो, गोलाई दिली की आयुष्य वाढतं.

वोलर यांनी हे सगळं तक्त्यांमध्ये मांडलं होतं. त्याचा आलेख पुढे इतरांनी काढला. आज जगभरचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी तो वोलर वक्र या नावाने शिकतात.

१८७४ पासून वोलर आल्सास-लॉरेनच्या रेल्वेत स्ट्रासबर्गला होते. लोखंड-पोलादाची गुणवत्तेनुसार वर्गवारी व्हावी आणि धातू तपासणाऱ्या सरकारी संस्था असाव्यात, यासाठी त्यांनी पाठपुरावा केला. १८८९ मध्ये ते निवृत्त झाले. २१ मार्च १९१४ रोजी हॅनोव्हरमध्ये त्यांचं निधन झालं. वय ९४ होतं.

मग मोटारीच्या तपासणीत काय सापडतं?

वोलर यांच्या कामातून याचं उत्तर मिळतं, आणि ते पूर्ण दिलासा देणारं नाही. सस्पेन्शनची झीज दोन प्रकारची असते. बॉल जॉइंट सैल होणं, बुशचं रबर फाटणं, शॉकअपमधून तेल गळणं ही उघडी झीज. गाडी वर उचलून, टॉमी लावून सांधा हलवला की ती कळते. अशी तपासणी नीट केली तर उपयोगाची असते.

दुसरी झीज थकव्याची. प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंगला पीळ बसतो. रंगाचा पोपडा उडून गंजाची बारीक खळी पडली, की ती वोलर यांच्या तीक्ष्ण कोपऱ्याचं काम करते. तिथून निघालेला तडा आयुष्याचा बराचसा काळ डोळ्याला दिसेल इतका मोठा नसतो. दिसू लागतो तेव्हा फारसा वेळ उरलेला नसतो. तपासणी त्या एका दिवसाची स्थिती सांगते. जर्मनीत नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. भारतात खासगी मोटारीची फिटनेस तपासणी साधारणपणे १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळी होते.

ही अडचण फक्त मोटारींची नाही. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे इथे वेगवान रेल्वेच्या एका चाकाची पोलादी धाव तुटली आणि १०१ जण मरण पावले. थकव्याचा तडा धावेच्या आतल्या बाजूने सुरू झाला होता, नेहमीच्या तपासणीत तो सापडला नाही. एशेडे हे गाव वोलर यांच्या सोल्टाउपासून फार लांब नाही.

म्हणून रेल्वे आणि विमानं आज नुसत्या नजरेवर विसंबत नाहीत. भारतीय रेल्वेतही एक्सलची अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासणी होते. काही भाग दिसायला चांगले असले तरी ठरावीक फेऱ्या किंवा तास भरले की बदलले जातात. मोटारीला असा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. तो मालकालाच ठेवावा लागतो: गाडी किती किलोमीटर चालली, कुठल्या रस्त्यांवर चालली, स्प्रिंगवर गंज आहे का, खड्ड्यात नवा आवाज येतो का. तपासणीच्या दाखल्यात या गोष्टी लिहिलेल्या नसतात.