समाजस्वास्थ्यकार रघुनाथराव कर्वे

दरवर्षी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर मराठी माणसाचे चरित्र द्यायचे, ही आपल्या मंडळाची जुनी रीत. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतली मुले शाळेत गुजराती नि इंग्रजी शिकतात. मराठी माणसांची ओळख त्यांना व्हायची ती घरातून, नाहीतर या पानांतून. महर्षी धोंडो केशव कर्वे या पानांवर पूर्वी येऊन गेले आहेत. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव मात्र कधी आले नाहीत. कारण सर्वांनाच ठाऊक आहे. आरतीला जमलेल्या चार माणसांत काढावा, असा त्यांचा विषय नव्हता. यंदा तो काढायचे आम्ही ठरवले. का, ते ओघात येईलच.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावाने कर्व्यांना वाळीत टाकले. बाळंतपणात गेलेली आई आणि चांगल्या कामासाठी वाळीत पडलेले वडील, दोन्ही या मुलाने अजाण वयात पाहिले. पुढच्या आयुष्याचा उगम त्यात शोधायचा मोह होतो, पण रघुनाथराव स्वतः भावनेपेक्षा हिशेबाने चालणारे होते. हुशारी तर अशी, की १८९९ साली मॅट्रिकला ते पहिले आले. फर्ग्युसनमधून १९०४ साली बी. ए. झाले, पुढे पॅरिसला जाऊन गणिताचा अभ्यास केला आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

एवढ्यावर थांबते तर एक सुखवस्तू प्राध्यापक म्हणून त्यांचे आयुष्य गेले असते. पण १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला होता. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या बायका आणि गुप्तरोग लपवत हिंडणारे पुरुष, हे तेव्हाच्या घराघरांतले दुखणे. पेनिसिलिन अजून यायचे होते. या दोन्ही विषयांवर रघुनाथरावांनी साध्या मराठीत पुस्तके लिहिली. कॉलेज मिशनऱ्यांचे, त्यांना हा प्रचार मान्य होणे शक्यच नव्हते. प्रचार की नोकरी असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली.

इथे मालतीबाईंचे नाव घेतलेच पाहिजे. नवऱ्याची नोकरी गेल्यावर संसाराचा भार त्यांनी उचलला. स्वतःला मूल नसावे हा निर्णयही या दांपत्याने समजून उमजून घेतला. त्या काळी मूल नसलेल्या बाईला लोक काय काय ऐकवत असतील, याची कल्पना आपल्या आज्या-पणज्यांना विचारली असती तर आली असती. चरित्रकार रघुनाथरावांवर पानेच्या पाने लिहितात आणि मालतीबाईंना परिच्छेदात आटोपतात. आम्हीही तेच करत आहोत, हे कबूल करतो.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. लहान आकाराचे, खपही बेताचाच. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे ते घरात आणणे म्हणजे धाडसच. आत मात्र चाळवणारे काही नसे. शरीराची माहिती, रोगांची माहिती, धर्माच्या आणि रूढीच्या नावाखाली चाललेल्या समजुतींची उलटतपासणी, सारे गणिताच्या मास्तराने फळ्यावर मांडावे तसे. स्त्रीलाही कामेच्छा असते आणि तिच्या इच्छेला पुरुषाच्या इच्छेइतकेच वजन आहे, हे ते पुन्हा पुन्हा लिहीत. दोन सज्ञान माणसांची राजीखुशी असेल, रोगाची लागण होत नसेल आणि नको असलेले मूल जन्माला येत नसेल, तर बाकीच्यांनी त्यात नाक खुपसू नये, अशी त्यांची नीती होती. ज्याला आज आपली मुले संमती म्हणतात, ती हीच. त्यांची सगळीच मते पटतात असे नाही. नग्नतेच्या त्यांच्या पुरस्काराबद्दल आमच्यात एकमत झाले नाही.

मासिकाचा खरा जीव होता वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. जे आईवडिलांना विचारता येत नाही, डॉक्टरांपुढेही जिभेवर येत नाही, ते लोक टपालाने कर्व्यांना विचारत. हस्तमैथुनाने शक्ती जाते का? पुरुषाला पुरुषाचीच ओढ वाटली तर तो रोग का? (हे शब्द स्मरणिकेत छापावेत की नाही यावर आमच्या दोन बैठका झाल्या. शेवटी, रघुनाथरावांचे चरित्र हे शब्द गाळून लिहिणे म्हणजे टिळकांचे चरित्र मंडाले गाळून लिहिणे, असे एका ज्येष्ठ सभासदांनी म्हटले आणि वाद मिटला.) कर्वे उत्तर देत ते विचारणाऱ्याला न लाजवता, थोडक्यात, त्या वेळच्या शास्त्राला जे माहीत होते तेवढेच.

याची किंमत त्यांनी कोर्टात मोजली. १९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. फेब्रुवारी १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली आणि या वेळी निमित्त होते नेमके वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच पार पाडलेल्या या नेत्याला असल्या खटल्यात पडायची काय गरज होती, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. बाबासाहेब आपल्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. शिकून ते १९१७ साली इथे नोकरीस आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हेही त्याबरोबर सांगायला हवे.

बाबासाहेबांचा युक्तिवाद सरळ होता. मासिकच लैंगिक शिक्षणाचे, तर त्यात लैंगिक प्रश्न येणारच. लैंगिक विषयावर लिहिलेले सारे अश्लील ठरवता येत नाही. प्रश्न विकृत वाटत असतील तर विकृती जायला ज्ञानाखेरीज दुसरा उपाय कोणता? समलिंगी ओढीबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार दिला आणि ती उपजत असेल तर त्यात गैर काही नाही, अशी भूमिका मांडली. निकाल विरुद्ध गेला. दंड दोनशे रुपये. कर्व्यांनी मासिक थांबवले नाही आणि प्रश्नोत्तरेही थांबवली नाहीत.

आता, हे यंदाच का. आपल्याच परिचयाच्या एका घरातल्या कॉलेजवयीन मुलाची गेल्या वर्षी मोबाइलवर कोणाशी तरी ओळख झाली. त्याला मुलींऐवजी मुलांची ओढ आहे, हे त्याने त्या अनोळखी माणसाजवळ प्रथम बोलून दाखवले. मग फोटो मागितले गेले. ते दिल्यावर घरी दाखवण्याची धमकी आणि पैशांची मागणी. काही महिने तो पैसे भरत राहिला. फसवणूक झाली हे घरी सांगायचे तर आधी आपण कोण आहोत ते सांगावे लागले असते, आणि तेवढे धैर्य त्याच्याजवळ नव्हते. शेवटी मावशीला सांगितले, ती त्याला घेऊन पोलिसांकडे गेली आणि तिथून धागा लागला. अशा वेळी १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवता येते, हे तिलाही त्या दिवशीच कळले. सज्ञान समलिंगी व्यक्तींचे राजीखुशीचे संबंध हा गुन्हा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला, हे मुलाला माहीत होते. आईवडिलांना नव्हते. त्याच्या संमतीवाचून ते फोटो पसरवण्याची धमकी देणारा गुन्हेगार आहे, हे मात्र त्याला कोणीच सांगितले नव्हते.

त्या मुलाला कर्व्यांचे नावही ठाऊक नव्हते. तो मावशीसह आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्याला खटल्याची हकीकत सांगितली. नव्वद वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच कोणीतरी मराठीत पत्र पाठवून हेच विचारले होते आणि त्याला उत्तर मिळाले होते, याचे त्याला फार आश्चर्य वाटले. 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक आता इंटरनेटवर वाचायला मिळतात, तेही त्यानेच आम्हाला शोधून दाखवले.

रघुनाथरावांनी ते मासिक सव्वीस वर्षे चालवले. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो त्यांनी पाहिला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. वडील त्यानंतर नऊ वर्षे होते. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, महर्षींना भारतरत्न मिळाले.