फ्रांझ मार्क

फ्रांझ मार्क (८ फेब्रुवारी, १८८० : म्युनिक, जर्मनी - ४ मार्च, १९१६ : व्हर्दूनजवळ, फ्रान्स) हे अभिव्यक्तिवादी चित्रकार होते. १९११ साली वासिली कँडिन्स्की यांच्यासह त्यांनी ‘निळा घोडेस्वार’ हा कलावंतांचा गट स्थापन केला. घोडे, हरणे, गाई हे त्यांचे मुख्य चित्रविषय होत. प्राणी माणसाला कसा दिसतो यापेक्षा प्राण्याला जग कसे भासत असेल, हा प्रश्न त्यांच्या कलेच्या मुळाशी होता. ‘प्राण्यांचे प्राक्तन’ (१९१३) या चित्रात त्यांनी कोसळत्या अरण्यात सापडलेले जीव रंगवले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. व्हर्दूनच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून मार्क यांना ३६ व्या वर्षी मृत्यू आला. त्यांच्या निधनानंतर आगीत या चित्राचा उजवा भाग होरपळला. तो त्यांचे मित्र पाउल क्ले यांनी पुन्हा रंगवला. हे चित्र आता स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील कलासंग्रहालयात आहे.