ओळख : जन्माची आणि निवडीची

नाशिकच्या काळाराम मंदिरापासून येवला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना हे अंतर कापायला साडेपाच वर्षे लागली. २ मार्च १९३० रोजी त्यांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत धर्मत्यागाचा निर्धार जाहीर केला. माणसाची ओळख कोण ठरवतो, जन्म की तो स्वतः, हा प्रश्न या दोन्ही घटनांच्या मुळाशी होता.

हा प्रश्न त्यांना ग्रंथांतून भेटण्याआधी आयुष्यात भेटला. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला हा मुलगा १९०१ च्या सुमारास घरातील इतर मुलांसह साताऱ्याहून कोरेगावी वडिलांकडे निघाला होता. नीटनेटक्या कपड्यांतील मुले पाहून मसूरच्या स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे ठरले. मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशी त्यात अट होती. मुलगा तोच, कपडे तेच. एका शब्दाने मात्र तो इतरांच्या दृष्टीने निराळा ठरला.

१९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना जॉन ड्युई हे तत्त्वज्ञ गुरू म्हणून लाभले. मनुष्यस्वभाव जन्मतःच पूर्ण घडलेला नसतो, सवयी आणि सामाजिक संस्था त्याला वळण देतात, अशी ड्युई यांची धारणा होती. जे समाजाने घडविले ते समाजाला बदलताही येते, हा तिचा अर्थ आंबेडकरांच्या पुढील विचारात सतत जाणवतो. मात्र १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू होताना ही विद्या उपयोगी पडली नाही. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी विश्रामगृहात त्यांना पारशी नाव धारण करावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. उसन्या ओळखीने माणूस सुरक्षित होत नाही, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

नाशिकचा सत्याग्रह हा म्हणूनच केवळ देवदर्शनाचा हट्ट नव्हता. मंदिर उघडल्याने सारे प्रश्न सुटणार नाहीत, हे त्यांनी आरंभीच सांगितले होते. अस्पृश्यांना माणूस मानण्याची हिंदू समाजाच्या मनाची तयारी आहे काय, याची ती परीक्षा होती. भाऊराव गायकवाड आणि अमृतराव रणखांबे यांनी स्थानिक आघाडी सांभाळली. हजारो स्त्री-पुरुष त्यात उतरले. दारे मात्र बंद राहिली. मार्च १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी हा लढा थांबविण्याचा सल्ला दिला. आपल्या माणसांना मूर्तिपूजक बनविणे हा हेतू कधीच नव्हता, त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी एवढ्यासाठीच तो मार्ग धरला होता, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

येवल्यात त्यांनी दुसरी बाजू मांडली. हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरायचे की नाही हे आपल्या हाती आहे, असा त्या घोषणेचा आशय होता. त्यानंतर २१ वर्षे आणि एक दिवसाने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

बुद्धाचीच निवड का, याचे एक उत्तर आत्म्याविषयीच्या मतात सापडते. नित्य आत्मा जन्मोजन्मी पूर्वकर्माची फळे भोगतो असे मानले, की आजची हीन अवस्था हा न्याय ठरतो. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी नित्य आत्मा नाकारला आणि पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे जीवन ठरते हे मतही बुद्धाचे नव्हे, असे प्रतिपादन केले. परंपरेतील अनेक बौद्ध विद्वानांना हे मान्य झाले नाही. आत्माच नसेल तर कर्माची जबाबदारी कोणाची, असा आक्षेप येथे येतोच. बाबासाहेबांचा भर मनाच्या संस्कारावर आणि याच जीवनातील कृतीवर होता. माणूस बदलू शकतो म्हणूनच तो जबाबदार असतो, हे त्यांच्या मांडणीचे सार म्हणता येईल.

संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. येवल्याची ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. तरीही घर भाड्याने देताना वा सोयरीक जुळविताना आडनावावरून जात ताडण्याची सवय शहरांतूनही गेलेली नाही. मसूरच्या फलाटावर त्या मुलाला विचारलेला प्रश्न आपण आजही, थोड्या अधिक सभ्य शब्दांत, विचारीत असतो.