एका शब्दासाठी अडून बसलेले युआन श्वांग

बुरैदा (सौदी अरेबिया) : इथे लांबच्या रस्त्याला निघताना गाडीत पाण्याचा कॅन आधी ठेवावा लागतो. तो भरताना मला शाळेच्या पुस्तकातले चिनी भिक्खू युआन श्वांग हमखास आठवतात.

त्यांचा जन्म इ.स. ६०२ च्या सुमारास, लुओयांगजवळ. बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरं एकमेकांशी जुळेनात, म्हणून मूळ पोथ्या बघायला ते भारताकडे निघाले. सरहद्द ओलांडायला बंदी होती, तरी ६२९ मध्ये गुपचूप निघाले. वाळवंटात पखाल हातातून निसटली आणि सगळं पाणी सांडलं. चार रात्री, पाच दिवस घोटभर पाणी नाही! शेवटी घोड्यानंच पाणी हुडकलं, असं त्यांच्या चरित्रात आहे.

नालंदेत ते शीलभद्रांकडे शिकले. ६४१ च्या सुमारास पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातही आले. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यांनी लिहून ठेवलंय. बरोबर ओळखलं की नाही?

६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन ते मायदेशी परतले. दोन वर्षांनी सम्राटाचा हुकूम आला, लाओत्सेचा 'ताओ ते चिंग' संस्कृतात करा. ताओपंथी पंडित सोबतीला होते. चीनमधल्या सुरुवातीच्या बौद्ध भाषांतरकारांनी ताओपंथाचेच शब्द उसने घेतले होते. त्यामुळे 'ताओ' म्हणजे 'बोधी', असा पंडितांचा आग्रह. युआन श्वांग मात्र 'मार्ग' या शब्दावर अडून बसले. दोन्ही शिकवणी एकच, हे त्यांना मान्य नव्हतं.

गंमत म्हणजे त्याच काळात चीनमध्ये 'ध्याना'चा 'चान' पंथ वाढत होता. त्यात बौद्ध ध्यान आणि ताओपंथाची सहजता एकत्र आली. तोच पुढे जपानात 'झेन' झाला. आणि झेन मठांत आजही जे हृदयसूत्र म्हणतात, ते चिनी भाषांतर युआन श्वांग यांच्याच नावावर आहे!

६६४ मध्ये ते गेले. तोवर ७५ ग्रंथ चिनीत आणले होते. काही शब्दांचं भाषांतर न करता ते तसेच ठेवावेत, हा नियमही त्यांचाच मानतात. 'प्रज्ञा' त्यातलाच एक.

परवा लेकीनं विचारलं, 'माहेर'ला अरबीत काय म्हणायचं? वडिलांचं घर, असं सांगून बघितलं, पण माझंच समाधान होईना. शेवटी म्हटलं, बाळा, 'माहेर'च म्हण.